नसलेली शेपटी

हे मी आजवर कोणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिला वाटतं की मी माझ्या पोटातलं सगळं तिला सांगते, त्या मैत्रिणीपाशी तर नाहीच. अकरा वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर मी तुम्हालाही नीट सारवून सुरवून काहीतरी दुसरंच ऐकवलं असतं. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मी एक चित्र तयार केलं होतं आणि ते खोटं होतं. पण तिथूनच सुरुवात केली तर मला फार सोपं जाईल. 'वैज्ञानिक चूक' म्हणून मोकळी होईन. चूक! किती गोंडस शब्द आहे. मुलांच्या गणितात होते, ती चूक.

तर आधी काम काय होतं, ते सांगते. अंधेरीच्या एमआयडीसीत आमच्या औषध कंपनीची प्रयोगशाळा होती. रक्त गोठवणारं एक एन्झाइम असतं — थ्रॉम्बिन. बोट कापलं की रक्त थांबतं ते त्याच्यामुळे, आणि नको तिथे गुठळी होऊन माणूस बसल्या जागी जातो, तोही त्याच्यामुळेच. या एन्झाइमच्या अंगावर एक खोल खाच असते. त्या खाचेत घट्ट बसणारा रेणू सापडला की एन्झाइमचं काम बंद. अशा रेणूला इनहिबिटर म्हणतात. आमच्या केमिस्ट मंडळींनी एक बनवला होता — खाचेत शिरणारं डोकं आणि मागे लांबलचक शेपटी. ती शेपटी एन्झाइमला नेमकी कुठे चिकटते हे कळलं, तर पुढची औषधं तिच्यावर बेतता येणार होती. आणि ते दाखवून देणं हे माझं काम होतं.

कसं दाखवतात? एन्झाइमचा स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि मिळालेल्या आकड्यांवरून संगणकाच्या पडद्यावर एक निळी जाळी उभी करायची. जिथे अणू आहेत तिथे जाळी असते. मग त्या जाळीच्या आत रेणू बसवायचा. जाळी आहे तिथे रेणू, नाही तिथे नाही. आमच्या धंद्यातला सगळा प्रामाणिकपणा एवढाच. बाकी नुसती महागडी यंत्रं आणि ती कोणाची जास्त महाग यावरच्या गप्पा.

स्फटिक वाढवायची प्रज्ञा. वाशीमकडच्या एका गावातली, एमएस्सी, वय सत्तावीस. बोरिवलीला दोघींबरोबर खोली घेऊन राहायची. आमच्या अख्ख्या मजल्यावर तिच्याइतका स्वच्छ हात कोणाचा नव्हता. माझाही नव्हता. आमच्याकडे जात कोणी विचारत नाही, हे आम्ही लोक फार अभिमानाने सांगतो. आडनाव कळल्यावर विचारायचं राहतं काय? मी तिला कधी वावगं बोलले नाही. तिचं आडनाव पहिल्या दिवशी ऐकून मी मनात एक चिठ्ठी डकवून ठेवली होती, एवढंच. ही चिठ्ठी पुढे माझ्या कामाला आली, म्हणून सांगते.

आता ती गोष्ट, जी फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होते. थ्रॉम्बिन शुद्ध करताना ते स्वतःलाच कापत सुटतं. म्हणून त्यात बेंझामिडीन नावाचा एक छोटा रेणू घालतात. तो खाचेत जाऊन बसतो आणि एन्झाइम गप्प राहतं. पण काम झालं की त्याला तिथून हाकलावं लागतं, नाहीतर आपला रेणू शिरणार कुठे? त्यासाठी डायलिसिस करायचं — प्रोटीन एका पिशवीत भरून ताज्या द्रावणात बुडवून ठेवायचं, द्रावण बदलायचं, पुन्हा ठेवायचं. निदान तीनदा. कंटाळवाणं काम आहे आणि ते केल्याबद्दल कोणी कधी टाळ्या वाजवत नाही.

क्ष-किरणांच्या यंत्रावरची आमची पाळी जवळ आली होती. प्रज्ञाचं एकच डायलिसिस झालं होतं. ती माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली, "मॅडम, अजून दोनदा करू या ना. बेंझामिडीन राहिलं असणार आत."

"राहू दे गं," मी म्हणाले. "आपला रेणू स्ट्राँग आहे, तो देईल त्याला ढकलून. स्फटिक लावून टाक."

तिने लावले. वहीत लिहिलंही — मॅडमच्या सांगण्यावरून पुढचं डायलिसिस केलं नाही. आमच्याकडे वहीच्या प्रत्येक पानावर विभागप्रमुखाची सही लागते. त्या पानावर माझी सही आहे.

नकाशा, म्हणजे पडद्यावरची ती निळी जाळी, आला. खाचेत जाळी होती, अगदी देखणी, भरीव. डोक्याच्या जागी. आणि शेपटीच्या जागी? काही नाही. मोकळं मैदान. आमच्या रेणूचं डोकं बेंझामिडीनच्याच घडणीवर बेतलेलं होतं, त्यामुळे नुसतं डोकं पाहून दोघांत फरक सांगता येत नव्हता. पण शेपटी नाही म्हणजे आमचा रेणू नाही. हे कळायला पीएचडी लागत नाही.

प्रज्ञा शेजारीच उभी होती. "मॅडम, हे आपलं नाहीये. नुसतं बेंझामिडीन आहे."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुझा हा दुसराच नकाशा ना? डोळा बसायला वेळ लागतो गं." आणि मला — हे नीट ऐका — मला तिच्याआधी दिसलं होतं. ती बोलायच्या पाच मिनिटं आधी. अज्ञान, घाई, डोळ्यांची चूक, असलं काहीही माझ्या बाजूने उभं करायला नाही.

मग ती जेवायला गेल्यावर मी काम केलं. जाळीची पातळी, म्हणजे किती फिकट खूण खरी धरायची ती मर्यादा, खाली आणत आणत गेले. पातळी पुरेशी खाली नेली की पडद्यावर सगळीकडे कचरा उगवतो — निळे ठिपके, तुकडे, धागे. त्या कचऱ्यात हवा तो आकार सापडतो, ढगात गणपती दिसतो तसा. मी त्यातून शेपटी ओवली. मग फक्त शेपटीभोवतीची जाळी ठेवली आणि आजूबाजूचा सगळा कचरा चित्रातून काढून टाकला. जे उरलं ते इतकं सुबक होतं की क्षणभर मलाच खरं वाटलं. नाही — हेही खोटं. एक क्षणही वाटलं नाही.

कशासाठी केलं? मोठी लालसा असती तर निदान सांगताना वजन आलं असतं. शुक्रवारी आढावा बैठक होती. शेजारच्या गटाच्या बाईंनी मागच्या बैठकीत भाव खाल्ला होता. बस, इतकंच. इतक्या फुटकळ गोष्टीसाठी माणूस विकलं जातं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी विकली गेले.

बैठक झकास झाली. आमच्या डायरेक्टरना सुंदर चित्रं आवडायची आणि प्रश्न विचारायचा कंटाळा होता. ते खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेले आणि त्या नसलेल्या शेपटीवरून पेन फिरवत म्हणाले, "धिस इज ब्यूटिफुल." दहा हुशार माणसं टाळ्या वाजवत होती. एकानेही विचारलं नाही की पातळी कितीवर आहे. दिंडोशीला आमच्या सोसायटीत मला शाल-नारळ मिळाला. सेक्रेटरींनी माझ्या कामाविषयी भाषण केलं, त्यात थ्रॉम्बिनचा उच्चार चारदा चुकला. मी हात जोडून हसत होते. त्या सगळ्यांची मला कीव आली होती — आणि स्वतःची येत नव्हती, यावरून ओळखा.

पुढची अडीच वर्षं केमिस्ट लोक त्या शेपटीवर रेणूमागून रेणू बनवत राहिले. एकही चालला नाही. चालणार कसा? नसलेल्या खुंटीवर अंगरखे टांगत होते बिचारे. कोणी मेलं नाही, औषध माणसांपर्यंत पोचलंच नाही — हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्याची किळस येते. शेवटी डायरेक्टरनी आमचे मूळ आकडे बाहेरच्या एका जाणकाराकडे पाठवले. त्याने आठवड्यात कळवलं: खाचेत बेंझामिडीन आहे, शेपटीला आधार नाही.

मला बोलावलं. प्रज्ञालाही बोलावलं. डायरेक्टरनी विचारलं, हे कसं झालं?

आता मी तिथे पोचले आहे, जिथे यायचं टाळत इतका वेळ तुम्हाला स्फटिक आणि जाळ्या दाखवत बसले.

मी म्हणाले, प्रोटीन नीट धुतलं गेलं नव्हतं. डायलिसिस पूर्ण झालंय असं मला सांगितलं होतं, त्या भरवशावर मी पुढे गेले.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी विचारलं होतं ना तुम्हाला."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर कोणाला संशय तरी आला असता. मी तिच्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "तुला आठवत नसेल, प्रज्ञा. तिन्ही झाली म्हणून तूच सांगितलंस मला. तेव्हा तुझ्यावर कामाचा लोड पण खूप होता गं." तिच्या बाजूने बोलल्यासारखं. तिला सांभाळून घेतल्यासारखं. तिचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं. ती चिडली नव्हती. ती आठवायला लागली होती.

वही त्याच मजल्यावर, कुलूप नसलेल्या कपाटात होती. कोणीही उठून ते पान उघडलं असतं, तर माझी वाट लागली असती. मला पान फाडावंही लागलं नाही. माझी खात्री होती की कोणी उठणार नाही, आणि खरंच कोणी उठलं नाही. का उठतील? बैठक संपल्यावर चहा घेताना एक वरिष्ठ गृहस्थ मला म्हणाले, "अशा मुलांचा बेसच कच्चा असतो हो. घ्यावं लागतं, काय करणार." तिला कोणी कुठून 'घेतलं' नव्हतं. खाजगी कंपनी होती, मुलाखतीत ती पहिली आली होती, आणि मुलाखत मीच घेतली होती. मी त्यांना हे सांगितलं का? मी चहात साखर ढवळली. माझी ती चिठ्ठी प्रत्येकाच्या मनात आधीपासूनच डकवलेली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मी कधीच कमी पडले नाही.

तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. जाताना ती माझ्या केबिनमध्ये आली नाही. मला बरं वाटलं. त्या वर्षी मला बढती मिळाली.

गेल्या मार्चमध्ये नवऱ्याला घेऊन मालाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले होते. त्याच्या हृदयाचे ठोके चुकतात, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, रक्त किती वेळात गोठतं ते तपासावं लागतं. आतून एक बाई आल्या, पांढरा कोट, चष्मा, केसांत थोडे पांढरे. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. "मॅडम!"

तिथली सगळी यंत्रं तीच बघते म्हणाली. नवऱ्याचं रक्त तिने स्वतः घेतलं, एका टोचणीत. मग तो कॉटनचा बोळा दाबून बसलेला असताना तिने मला जरा बाजूला घेतलं. मला वाटलं, आता. आता ती बोलणार.

ती म्हणाली, "मॅडम, खूप वर्षं बोलायचं होतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी तुम्हाला विचारलंय. नंतर खूप विचार केला. माझंच काहीतरी राहिलं असणार. माझ्यामुळे तुमचं एवढं काम वाया गेलं. सॉरी, मॅडम."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तू विचारलं होतंस. तीन शब्द.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे गं. होतात चुका. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तिचे डोळे भरून आले. "थँक्यू, मॅडम," ती म्हणाली. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत स्वतः पाठवते म्हणाली, आणि पाठवलाही.

रिक्षात नवऱ्याने विचारलं, "कोण गं ती?"

"होती एक माझ्या हाताखाली," मी म्हणाले. "हुशार होती. पण कामात जरा निष्काळजी."

तेव्हा मला कोणाची भीती नव्हती. वाचवायला काही उरलंही नव्हतं. तरी म्हणाले.