शेजाऱ्यांची कंबर

आज घरभर मलमाचा वास आहे आणि जठारपेठेतले आमचे जुने शेजारी आठवतायत. निवृत्त साहेब. शर्टावरून कमरेचा पट्टा आवळून बागेत उतरायचे आणि गवत निंदायला येणाऱ्या तेल्हाऱ्याकडच्या बाईंना पाठ कशी जपावी ते शिकवायचे. जन्मभर कपाशी निंदलेल्या बाई उकिडव्या बसून पुढे सरकत. एकदा साहेब स्वतः करून दाखवायला कमरेतून वाकले आणि तसेच अडकले. बाईंनी विळा खाली ठेवला. "साहेब, खाली बसा लागते. तुमी उभ्यानंच वाकून राहिले." असल्या दीडशहाण्याची हीच गत व्हावी, म्हणून मी कुंपणाआडून पोटभर हसलो. माझं गवतही त्याच बाई काढत होत्या. काल मी आयुष्यात पहिल्यांदा गवताला हात घातला, उभ्यानंच वाकून. आजचा वास माझ्याच कमरेचा आहे.