हिरव्या दोऱ्याची गरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात उभा राहिलो होतो तेव्हाही नाही — देवळात तर मी भलतंच बोललो, ते पुढे येईलच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जरा धीर होतोय. आणि धीर तरी कसला? साठी उलटली, हायस्कुलातली कारकुनी संपली, आता कोण काय करणार आहे माझं?

आमच्या वाडीखाली धरण आहे. लांज्यापासून आत, लहानसंच, तीन बाजूंनी आंब्या-काजूची झाडं आणि चौथीकडे बांध. त्यात मरळ असते. मरळ माहीत आहे ना? काळपट, लांबोडी, सापासारख्या डोक्याची. साधी दोरी असली तर दातांनी तोडून जाते, म्हणून गरीच्या, म्हणजे गळाच्या, वर तारच लागते. ती धरायची म्हणजे जिवंत बेडकी लावून तास न् तास उकिडवं बसायचं. आम्ही त्याला गरवणं म्हणतो. माझी बायको पावसकडची. तिच्या माहेरी सुरमई नि सरंगा, त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा म्हणजे तिच्या लेखी चिखल. पंचवीस वर्षं मी बोटभर चिलापी घेऊन घरी यायचो आणि ती पिशवीत डोकावून म्हणायची, "एवढंच?"

तर मरळीचं एक आहे. पावसात ती पिल्लं काढते. हजारभर पिल्लं एका जागी, लालभडक, पाण्यावर कुणी कुंकू सांडावं तशी, आणि त्यांच्या खाली मरळ राखण करत फिरते. आई असते की बाप, मला माहीत नाही. त्या लाल ठिपक्यात बेडकी टाकली की मरळ येतेच. भूक लागली म्हणून नव्हे — पिल्लांवर काही आलं म्हणून अंगावर धावते. पोरंसोरंसुद्धा धरतील. म्हणूनच आमच्या गावात पिल्लावरची मरळ धरत नाहीत. हा नियम गावकीत मांडून पास करून घेतला तो दत्तारामने. जो मोडील त्याने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून कबूल व्हायचं आणि पुन्हा जन्मात धरणावर गरी टाकायची नाही. दत्ताराम स्वतः पावसात फिरून जिथे पिल्लं दिसतील तिथे काठी रोवायचा नि तिला चिंधी बांधायचा. चिंधी दिसली की लोक लांब बसायचे.

दत्ताराम माझ्या वर्गातला. बायको लवकर गेली, मुलगा नालासोपाऱ्याला. भातशेती थोडी, बाकी सगळा वेळ धरणावर. त्याच्याएवढी मरळ वाडीत कुणी धरली नाही. गऱ्या स्वतः बांधायचा — सायकलच्या ब्रेकच्या वायरीची एक तार काढून तिला पीळ द्यायचा आणि पिळावर राखीचा दोरा गुंडाळायचा. बहीण दरवर्षी राखी पाठवायची. ती हातावरून उतरली की तिच्या दोऱ्याने वर्षभराच्या गऱ्या. दोरा दिसला की आंधळासुद्धा सांगेल, ही दत्तारामची.

आता मूळ गोष्ट. का केलं मी ते?

शिमग्यात आमच्याकडे सोंगं काढतात. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की त्यापुढे कुणी वाघ होतो, कुणी बाई होतो, कुणाचीही टर उडवावी, रागवायचं नाही असा रिवाज. त्या वर्षी दत्ताराम मी झाला. माझ्यासारखा चष्मा, माझ्यासारखी इस्त्रीची पँट, हातात माझ्यासारखी निळी पिशवी. माझी चाल तर अशी काढली की मला माझीच लाज वाटली. पिशवीतून पुठ्ठ्याची हातभर मरळ काढून चारी बाजूंना दाखवायचा, आणि मागून चार पोरं ढोलकीवर ओरडायची — "मरळ कुणाच्या गरीला लागली?" हा नुसता मान वाकडी करून उभा. पुन्हा ओरडायची. पुन्हा हा गप्प.

कारण आदल्या मे महिन्यात मी खरंच हातभर मरळ आणली होती. मुंबईकर आले होते, सगळ्या वाडीने पाहिली, फोटो निघाले. माझ्या बायकोने पहिल्यांदा "एवढंच?" म्हटलं नाही. मसाला वाटला, चार घरी वाटी पाठवली आणि सांगितलं, आमच्या यांनी धरली. तुम्हाला वाटेल, केवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक सांगतोय हा! पण मी त्यासाठी पंचवीस वर्षं थांबलो होतो हो.

आणि त्या दिवशी सहाणेवर ती हसली. माझी बायको. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सगळे हसतात म्हणून हसली, मला कळतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मीही हसत होतो, दात दाखवत — रागवायचं नाही ना! महिनाभर जो भेटेल तो विचारायचा, मरळ कुणाच्या गरीला लागली? पोस्टातला विचारायचा, वाणी विचारायचा. मेल्या, मी मनात म्हटलं, दत्ताराम, तुला याच धरणावरून उठवला नाही तर नावाचा नाही.

घाई केली नाही. राग लगेच उतरला असता तर सुटलो असतो, तोही आणि मीही. पण मी तो निगुतीने सांभाळला. रोज सकाळी चहाबरोबर थोडा आठवायचा. चैत्र गेला, आंबे उतरले, पाऊस लागला, लावणी सुरू झाली. आणि एका सकाळी करवंदीच्या जाळीखाली चिंधीची काठी दिसली आणि काठीच्या पुढे पाण्यावर लाल ठिपका.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो. भुरभुर पाऊस होता, बांधावर कुणी नाही. माझ्या दोरीला मी दत्तारामची गरी बांधली — तीच, तारेची, पिळावर राखीचा हिरवा दोरा. बेडकी लावली आणि त्या लाल ठिपक्याच्या मधोमध सोडली. पहिल्यांदा मरळीने बेडकी नुसती ढुशी मारून ढकलली. खाल्ली नाही. दुसऱ्यांदा पण ढकललीच. तिला खायचं नव्हतंच, तिला फक्त हाकलायचं होतं. मी तिसऱ्यांदा टाकली. मग तिने तोंडात घेतली.

हे मी का सांगतोय? नुसतं "मारली" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही — तीन वेळा टाकली. दोनदा तिने मला सोडून दिलं होतं.

काठावर ओढली, मरेस्तोवर बसलो. मग तारेच्या वर वीतभर दोरी ठेवून कापली, म्हणजे वाटावं की गरी लागली, मासा दोरी तोडून पळाला नि मेला. आणि बायका लावणीला उतरतात त्या वाटेजवळ उथळ पाण्यात तिला सोडली. घरी येऊन आंघोळ केली, दोन घावणे खाल्ले. खरं सांगू? मला फार बरं वाटत होतं.

दहाच्या आत बोंब झाली. कुणीतरी फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला — मरळीचा जबडा, त्यातली गरी, दोरा. मुंबईकरांनी तिकडून एकेक टाकायला सुरुवात केली. ज्याने नियम केला त्यानेच मोडला, लोकांना ब्रह्मज्ञान, असलं. दत्तारामकडे साधा फोन, त्याला काही पत्ताच नव्हता. तो त्या वेळी चोंढ्यात, खालच्या भातखाचरात, चिखलणी करत होता. आणि मी ग्रुपवर काय लिहिलं माहीत आहे? लिहिलं, "खात्री केल्याशिवाय कुणाला बोलू नये. पण नियम सर्वांना सारखा." सतरा जणांनी अंगठा दिला. मी मोजले.

रविवारी गावकी बसली, देवळात. गरी मधल्या पाटावर ठेवली होती. मानकऱ्यांनी विचारलं, दत्ताराम, ही कुणाची? त्याने उचलली, उजेडात धरली, दोऱ्यावरून अंगठा फिरवला. आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. इतर कुणाकडे नाही. माझी नजर त्याच्या कमरेला लावलेल्या गऱ्यांच्या डबीकडे गेली. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला दिसलं काय चुकलं ते — त्या डबीतल्या, त्या वर्षीच्या सगळ्या गऱ्यांना पिवळा दोरा होता. राखी दरवर्षी वेगळी येते! एवढी साधी गोष्ट माझ्या कारकुनी डोक्यात आलीच नव्हती. हिरवा त्याच्या आदल्या वर्षीचा. गावातल्या एकालाही ते दिसलं नाही. सगळ्यांनी दोरा बघितला, रंग बघितला तो एकट्याने.

मी तयारीत होतो. तो ओरडेल, मी ओरडेन, पुरावा काय म्हणेन. मला भांडण हवं होतं. शिमग्यात गिळलेलं सगळं तिथे ओकायचं होतं. तर तो म्हणाला, "गरी माजीच हाय."

एवढंच. मानकऱ्यांनी पुन्हा विचारलं, बाबा रे, पिल्लावरची मरळ तू धरलीस का? तो त्यावर काही बोललाच नाही. तेव्हा मी उठलो. हो, मीच. देवाकडे हात करून म्हणालो, "मित्र आहे माझा, जीव तुटतोय माझा, पण नियम म्हणजे नियम." दत्तारामने नारळ ठेवला. मग म्हणाला, "गरी तेवडी मला द्या." दिली त्याला.

आता तुम्ही कधीचे विचारत असाल, त्याची गरी माझ्याकडे आली कुठून? इथवर आलोच आहे तर तेही घ्या.

त्या मे महिन्यात पाणी आटलं होतं. दत्ताराम संध्याकाळी काठावर बांबूची काठी खोचून गरी लावून जायचा आणि सकाळी येऊन बघायचा. मी त्याच्या आधी पोचलो. त्याची काठी पाण्यापर्यंत वाकली होती. मासा दमून आडवा झालेला, नुसता ओढून घ्यायचा. मी ओढला. गरी खोल गेली होती म्हणून दोरी कापली आणि मरळ गरीसकट पिशवीत घातली. गरी घरी काढली, धुतली आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवली. फेकली का नाही? चांगली होती म्हणून.

म्हणजे शिमग्यात त्याने माझी बदनामी केली नव्हती. त्याने चोराला नाव न घेता विचारलं होतं, आणि तो उत्तर न देता उभा राहिला होता. मी सूड घेतला तो खऱ्याचा. आणि हे मला त्या भुरभुर पावसात, बेडकी तिसऱ्यांदा टाकताना पक्कं माहीत होतं. तरी टाकली.

लाल ठिपका दोन दिवस त्याच जाळीखाली फिरत होता, विरळ होत गेला, चिलापींनी पिल्लं खाल्ली. तिसऱ्या दिवशी नुसती चिंधीची काठी. दत्तारामने गणपतीपर्यंत दम काढला. रोज बांधावर यायचा, हात मागे बांधून पाणी बघायचा नि जायचा. मी मुद्दाम त्याच्या समोर बसून गरवायचो. मग मुलगा येऊन त्याला नालासोपाऱ्याला घेऊन गेला. तिथे चौथ्या मजल्यावर असतो, पाणी टँकरचं येतं, असं कळलं. कळलं तेव्हा मला काय वाटलं? छान वाटलं. बसा म्हटलं आता पिंप बघत. खोटं कशाला बोलू? अजूनही कधीमधी त्या सहाणेवरच्या पुठ्ठ्याच्या मरळीची आठवण आली की तेच वाटतं.

यंदा गणपतीला त्याचा मुलगा आला होता. दर्शनाला आमच्या घरी आला, मोदक खाल्ला, आणि निघताना खिशातून गोळ्यांची छोटी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. "बाबांनी तुमच्यासाठी दिलीय काका. म्हणाले, त्यांचीच हाय." पोराला बिचाऱ्याला काही माहीत नाही. मी परसात जाऊन उघडली. आत ती गरी. टोकाला नवी धार, तार बदललेली, नवा पीळ — आणि त्यावर तोच जुना हिरवा दोरा, पुन्हा नीट गुंडाळलेला. चिठ्ठी नाही, काही नाही.

त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. लावलेला नाही. गावकी अजून बसते, तिथेही बोललो नाही.

पंधरा दिवसांपूर्वी धरणावर गेलो. माझ्या गऱ्या गंजल्या होत्या, म्हणून डबीतली बांधली. तासाभरात मरळ लागली, चांगली हातभर. घरी आणली तर बायको पिशवीत डोकावून खूश झाली. पाटा मांडता मांडता सहज हसून म्हणाली, "काय हो, कुणाच्या गरीला लागली?"

मी म्हटलं, "माझ्या."