कालचा बर्फ काल

तो आधी मूठ भरायचा. मग ती आवळायचा, डोळे बारीक करून क्षणभर थांबायचा आणि हळूच उघडायचा. मुठीत कधी हळदपूड असे, कधी चहाच्या टपरीवरची साखर, कधी नुसती वाटेवरची माती. तळहातावर गोळा बांधला गेलाय की सगळं भुरभुरून सांडलंय, हे बघून झालं की मान हलवायचा आणि हात पँटीला पुसायचा. त्याच्या खाकी पँटीवर दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पंजा कायमचा उमटलेला होता.

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्याने आलेला व्यापारी हे बघून बिचकायचा. गेटवरचा वॉचमन हळदीतली भेसळ तपासतो की काय?

"न्हाई वं," तो म्हणायचा, "बर्फ बघतुय."

सांगलीत! डांबर मऊ होऊन चपला चिकटायला लागल्यात, कुत्री ट्रकखाली जीभ काढून पडलीत, आणि हा गडी बर्फ बघतोय. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी केलं तेच. त्याच्याशी मैत्री केली.

मी हळदीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, पुकारा करतो. देवाने मला उंची बेताची दिली, केस तात्पुरते दिले, पण आवाज देताना त्याचा हात घसरला असावा. मी हळू बोललो तरी शेजारच्या पेढीवरचा माणूस मान वर करतो. म्हणून हवालदार मला 'पुकारे' म्हणायचा. त्याला सगळं यार्ड हवालदारच म्हणायचं. मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. लष्करात वीस-बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी बर्फात. तिथे तो पायांना लांब पाट्या बांधून डोंगरावरून घसरत उतरायला शिकला आणि पलटणीकडून शर्यतींतही उतरला. मग एका गुडघ्याने घात केला आणि तो लंगडत आमच्या गेटवर आला.

टपरीवर बसलं की त्याची शाळा भरायची. गुळाची ढेप तिरकी धरायचा, तिच्यावर दोन हळकुंडं उभी-आडवी घसरवायचा आणि मला डोंगर शिकवायचा.

"काश्मिरातला डोंगर येगळा, गड्या. तिथला बर्फ पिठीसाखरंवानी. मांडीएवढा रुतशील, पर पडलास तरी गादीवर पडल्यागत. उत्तराखंडातला डोंगर मंजी ही ढेप. दुपारी वरनं पाझरतोय आन् सकाळी असा गोठतोय का कुऱ्हाड मारली तरी टवका निघायचा न्हाई. माणूस त्योच, पाट्या त्याच. पर एका डोंगरावर पयला येणारा गडी दुसऱ्या डोंगरावर हंबरडा फोडतोय."

"मग करायचं काय?"

"पाटीला खालनं मेण लावायचं. थंडी कडक तर मेण कडक. ऊन तापलं तर मऊ. बर्फ घट्ट आसंल तर पाटीच्या कडंला धार. आन् ह्ये सगळं ठरवायच्या आदी," तो ढेप खाली ठेवायचा आणि माझ्या चहातली साखर खुशाल मुठीत घ्यायचा, "हातात घिऊन बघायचं. कालचा बर्फ काल."

हे त्याचं वाक्य होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, पाऊस लांबला, प्रत्येक वेळी तो हेच म्हणायचा. मला वाटायचं, लष्करी फुशारकी असेल. मग एकदा त्याने गुडघ्याची हकिकत सांगितली. शर्यतीच्या आदल्या दुपारी उतार मऊ होता. यानं मऊ बर्फाचं मेण लावलं, धार लावायचं सोडून दिलं आणि सकाळी हात न लावता वरून सुटला. रातोरात डोंगराची काच झाली होती. तिसऱ्या वळणावर गुडघ्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. "वाळलेलं चिपाड मोडल्यागत," तो म्हणाला आणि चहा पिऊन टाकला.

त्याला एक मुलगी, वैजू. आणि आता खरी गंमत ऐका. या माणसाने आपल्या मुलीला कोरेगाव तालुक्यात बर्फावर घसरायला शिकवलं. बर्फ नव्हता, पण ऊस होता! ऊस तुटला की त्याची वाळलेली पानं, म्हणजे पाचट, हा सुट्टीला गावी गेला की भाऊबंदांच्या शेतातून गाड्या भरभरून आणायचा. घरामागच्या माळाच्या उतारावर हातभर जाडीची पसरायचा आणि पोरीच्या पायांना पाट्या बांधून वरून सोडायचा. पाचट कोरडं असलं की भलतं निसरडं असतं. मी खात्रीने सांगतो, कारण मीही एकदा उतरलो. उतरलो म्हणजे निघालो पाट्यांवर आणि पोचलो पाठीवर, थेट खालच्या पाटाच्या पाण्यात. माझी आरोळी म्हणे स्टेशनापर्यंत गेली.

"मागं रेल, पुकारे, मागं!" वरून हवालदार ओरडत होता. "फुडं झुकलास का टोक पाचटात घुसतंय!"

वैजू मात्र खुर्चीत बसल्यासारखी मागे रेलून, सळसळ आवाज करत, वाऱ्यासारखी खाली यायची. सगळा गाव बघायचा. पुढे ती काश्मिरात जाऊन प्रशिक्षण घेऊन आली, दोन हिवाळे तिथल्या मऊ बर्फात गाजवले आणि राज्याच्या संघात निवडली गेली. हवालदाराने यार्डभर पेढे वाटले. प्रत्येक पेढ्याला हळदीचा रंग होता. कुणी तक्रार केली नाही.

तिच्या राष्ट्रीय शर्यतीच्या आदल्या सकाळी दहाच्या सुमारास, माझा पुकारा सुरू व्हायच्या आधी, हवालदार गेट सोडून माझ्याकडे आला. तो गेट सोडून आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"डोंगर बदलला," तो म्हणाला.

ठरलेल्या ठिकाणी, काश्मिरात, बर्फच पडला नव्हता. शर्यत उत्तराखंडातल्या उतारावर नेली होती. तिथे जुना बर्फ होता, दिवसा पाझरणारा आणि पहाटे गोठणारा. वैजूने डोंगराकडे निघताना एवढाच निरोप पाठवला होता.

"मग? तुमचीच मुलगी आहे. उतरेल की."

"आरं, मी तिला मागं रेलाया शिकवलंय!" त्याने माझा दंड धरला. "पाचटात चालतंय, भुसभुशीत बर्फात बी चालतंय. गोठल्या बर्फावर मागं रेलली का फुडची टोकं मोकळी सुटत्यात. पाट्या ऐकत न्हाईत, गुडघा पिळतोय. बारा वर्सं मी तिला गुडघा मोडायचं शिकवत हुतो, गड्या, आन् मला कळलं न्हाई."

त्याने तिला सतरा वेळा फोन केला होता. लागत नव्हता. मी म्हटलं, आवाजाचा निरोप पाठवा, रेंज आली की ऐकेल. त्याने फोन तोंडापाशी नेला आणि परत माझ्या हातात दिला.

"तू बोल. माझा आवाज आयकला तर वळखंल मी भ्यालोय. उद्या ती बी भेईल."

मी सौद्याच्या ओट्यावर चढलो, छाती भरून घेतली आणि जन्मातला सर्वांत मोठा पुकारा केला, "वैजूऽऽ! बर्फ गोठलेलाय! पुढं झूऽऽक! मागं रेलू नकोऽऽस!" सौदा सुरू झाला समजून चार पेढ्यांवरची माणसं धावत आली. एका व्यापाऱ्याने तर सवयीने बोट वर केलं.

हवालदार हसला नाही. तो फोनकडे बघत होता. निरोपासमोर एकच खूण उमटली होती. दुसरी उमटली की निरोप पोचला.

दुसरी उमटली नाही. दिवसभर नाही. ट्रक येत होते, जात होते, आणि कुणाचीही पावती न बघता हवालदार फक्त गेटचा दांडा वर-खाली करत होता.

दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला तेव्हा दाढी केलेली नव्हती. लष्करातला माणूस, त्याची दाढी वाढलेली यार्डाने कधी बघितली नव्हती. मी सौदा पुकारत होतो, पण माझं लक्ष गेटकडे. तोही काय करत होता बघा. एक पाय पुढे टाकायचा, वाकायचा, दुखऱ्या गुडघ्यावर भार द्यायचा आणि परत उभा राहायचा. तिच्या वाटचं झुकणं तो तिथे उभा राहून झुकत होता.

दुपारी फोन वाजला. मी पुकारा अर्ध्यावर सोडून पळालो. त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"गुडघा कसा हाय?"

"आवं आप्पा, आदी नंबर तरी इचारा."

"गुडघा."

"दोन्ही जाग्यावर हायती. अकरावी आले."

हवालदार खाली बसला, तिथेच, गेटच्या दगडावर.

"निरोप आयकलास?"

"कसला निरोप? इथं रेंजच न्हवती. आता खाली गावात आलेय."

"मग तू उतरलीस कशी?"

"वर हुबी ऱ्हायले तवा पाटीनं खरवडून मूठ भरून बघितली. आवळली तर गोळाच हुईना, नुस्ता काचंचा चुरा. म्हटलं, ह्ये काय आपलं पाचट न्हवं. मग पाट्यांना धार लावून घेतली, आन् आले फुडं झुकून."

"पर मी तर तुला मागं..."

"ते पाचटावर, आप्पा."

तेवढ्यात पलीकडे टिंग वाजलं, इथे निरोपाची दुसरी खूण उमटली, तिने तो लावला आणि माझा पुकारा गडगडला. वैजू किंचाळलीच. "आप्पा, ह्ये कोण बोंबलतंय?" यार्डातली हमाल मंडळी पोट धरून हसली. हवालदार उठला, टपरीच्या नळावर तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

यंदा वैजू पुन्हा शर्यतीत आहे. पुन्हा तोच गोठणारा डोंगर. पण यंदा हवालदार गेटवर नाही. लंगडा गुडघा, लोकरीची टोपी, डब्यात गूळ आणि शेंगदाणे घेऊन तो स्वतः तिकडे गेलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बर्फात गेलाय. मी म्हटलं, तुम्ही खाली बसून बघा हां, वर चढू नका. तो म्हणाला, "बसतुय की." मला त्याचं 'बसतुय की' माहीत आहे. परवा निरोप आला, 'पोचलो. पाट्या उसन्या मिळत्यात इथं.' त्यानंतर काही नाही.

गेटवर नवा माणूस बसतो. त्याची पँट स्वच्छ आहे.

आज शर्यत. सौद्याला अजून वेळ आहे. मी ओट्यावर उभा आहे आणि शेजारच्या पोत्यातली हळदपूड मी केव्हा मुठीत घेतली, मला कळलं नाही. आवळली. उघडली. सगळी भुरभुरून सांडली. याचा अर्थ चांगला की वाईट, ते सांगणारा माणूस डोंगरावर आहे, आणि पहाटे त्याला पाठवलेल्या माझ्या निरोपासमोर अजून एकच खूण आहे.