हिरव्या लुगड्याचा फोटो

मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर माझ्या गुरुजींचा फोटो स्टुडिओ होता. भेटेल त्याच्याकडे ते आधी एक डोळा मिटून बघत, मग बोलत. मी शिकायला गेलो, तर कितीतरी दिवस कॅमेरा दिलाच नाही. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून दिलं. "यातून बंदर बघ. नको ते बाहेर ठेव."

एकदा म्हाताऱ्या नवराबायकोचा काळापांढरा फोटो रंगवायला गुरुजींनी ब्रश माझ्या हाती दिला. ब्रश घसरला आणि आजीच्या लुगड्याचा हिरवा रंग आजोबांच्या खांद्यावर गेला. गुरुजींनी फोटो तसाच, तो न्यायला आलेल्या आजीपुढे धरला.

आजी खुदकन हसली. "असूं दे रे. ह्ये जल्मभर माज्या पदराला धरूनच ऱ्हायलेत!"

मी कापूस घेऊन पुसायला धावलो, तसा गुरुजींनी माझा हात धरला. "आता पुसशील तर बघ!" म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले.