खेकड्यांच्या वाटपाची सभा

त्या दुष्काळात नदीत वाळू तेवढी उरली होती. पाणीपुरवठा सोसायटीच्या सभासदांनी पाणी झिरपून यावं म्हणून नदीत दोन झिरे खणले, दोन्ही ठणठणीत कोरडे. माझे सासरे, म्हणजे मामा, सोसायटीचे चेअरमन. घरी येऊन म्हणाले, "म्हशीला पाजायला थेंब न्हाई. उद्या कडा गावच्या बाजारात विकायला न्यायची." म्हैस माझ्या माहेरची, त्यात गाभण! माझं डोकंच फिरलं.

मी गेवराईकडची, गोदाकाठची. लहानपण खेकडी धरण्यात गेलेलं. उजाडताच नदीत उतरले आणि काठाकाठानं बिळं बघत सुटले. बहुतेक बिळांच्या तोंडावरची माती वाळून दगड झाली होती. एकापाशी मात्र मातीच्या गोळ्या ओल्या! तोवर मामा आणि सभासद कुदळी घेऊन आलेच होते. बोटाला चिखल लागला आणि मी ओरडलेच, "मामा, हितं खणा! खेकडं खालचा चिखल वर आणून टाकतंय!"

"चेरमन बदलला काय आपला?" एकानं टोमणा मारला. पण मामांनी फर्मावलं, "खणा बे! तिसरा बी बघू."

कमरेइतकं खणलं आणि सहा खेकडी सापडली, एकमेकांना चिकटून बसलेली. काळपट पाठी, लालसर नांग्या. एकीच्या पोटाखाली मुगाएवढाली पिल्लं वळवळत होती. मला तर नाचावंसं वाटलं! पण खाली नुसता चिखल. सगळ्यांची तोंडं उतरली.

"खेकडं तरी वाटून घ्या," कुणीतरी म्हणालं. झालं! सोसायटीच्या कामात जे निघेल ते सगळ्या सभासदांत सारखं, हा गावचा नियम. खेकडी सहा आणि सभासद अख्खं गाव. वाळूतच सभा भरली. कुणी म्हणे नांग्या मोजा, कुणी म्हणे एकदाच रस्सा करा. मी म्हटलं, "लेकुरवाळी सोडा आधी!" मामा म्हणाले, "ठराव मांड." कसला ठराव! मी तिला उचललं आणि खड्ड्यात सोडून आले. भांडण चालूच.

तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हशीला बाजारासाठी घेऊन नदीतून निघाल्या. म्हशीनं नाक वर केलं, कासरा हिसकला आणि उतारावरून थेट खड्ड्यात शिरली. घुटुक घुटुक आवाज आला. सगळी सभा खड्ड्याकडे धावली. आमची भांडणं चालली होती तोवर झिऱ्यात पाणी साठलं होतं!

"म्हैस ऱ्हाईल," मामा म्हणाले. "हात वर करा."

सगळ्यांनी एकेक हात वर केला. मी सभासद नव्हते. तरी दोन्ही केले.