वरचा शॉट

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आमचं मॅग्नेट चार्जिंगचं दुकान आहे. जुन्या मोटारसायकलचं चुंबक ढिलं पडलं की ठिणगी मरते आणि माणूस किका मारून मारून घामाघूम होतो. मग ते चुंबक कॉइलमध्ये ठेवून क्षणभर जबर करंट सोडायचा, त्याला शॉट म्हणतात. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, एक खोड होती. काम झालं की नॉब शेवटपर्यंत फिरवून एक वरचा शॉट द्यायचे, भाजीवाली वर मूठभर मिरच्या टाकते तसा. गिऱ्हाईक खूश व्हायचं, कॉइल मात्र भाजून निघायची. शेवटी ती जळालीच. मामा म्हणाले, "बास झालं. मशीन भंगारात घाला."

मला रागच आला. आयटीआय मी काय भाकरी थापायला केलं होतं? हट्टाने तांब्याची तार आणली आणि नवी कॉइल स्वतः भरली. मामा एवढंच म्हणाले, "ही जळाली तर पुन्हा मशीनचं नाव काढायचं न्हाई."

पहिलंच गिऱ्हाईक तलवाड्याचं. चुंबक भरून हातात दिलं तर म्हणतं, "वरचा शॉट द्या की! मामा देतेत."

"मिळणार नाही."

"कावून?"

मी चुंबकाला लोखंडी पट्टी चिकटवली, पट्टीला डबा अडकवला आणि पडेपर्यंत त्यात नट टाकत गेले. म्हटलं, "भरतानाही दर शॉटनंतर असेच नट मोजले. करंट वाढवला तसे आधी नट वाढले. शेवटच्या वाढीला एकही नट जास्त पेलला नाही. आतले बारीक कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, ते सगळे एकीकडे वळले. आता वळायला उरलंय कोण? नारायणगडाच्या जत्रेत सगळे गडाकडेच बघत असताना 'गडाकडे बघा' म्हणून ओरडायचं का?"

त्याला पटलं नाही. "मामा, तुमीच फिरवा."

सवयीने मामांचा हात नॉबकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला. पण हात मध्येच थांबला, कॉइलवर टेकला. नुकतंच चुंबक भरूनही कॉइल गार होती.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "मशीन आता सूनबाईचं हाय. तिनं भरलं म्हणलं की भरलं."

अभिमानाने माझे डोळे भरून आले. ते गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचे, म्हणून पाठ फिरवून मी उगाच पाने-पकडी आवरत बसले.