एका फणीचा निवाडा

अभिमन नारखेडे ऊर्फ आबा यांचा राग सावद्यात प्रसिद्ध होता, पण तो केळीपुरता. पोचट मालाला भरलेला म्हणणारा बागवाला आणि भरलेल्याला पोचट म्हणणारा व्यापारी, दोघांनाही ते सारख्याच शिव्या घालत. त्या दिवशी जळगावात वकिलाच्या पायऱ्या चढताना मात्र ते अशा माणसावर संतापले होते, ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तो सिंगापूरला बसतो, इंग्रजी बोलतो आणि स्वतःला पंच म्हणवतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. एका बाजूचं ऐकून निवाडा देणारा कसला पंच, असं ते दर दोन पायऱ्यांना थांबून म्हणत आणि दम घेत.

मागून मनन चढत होता. त्याच्या हातात त्याच निवाड्याची चाळीस पानं होती आणि दोन रात्री त्याला झोप नव्हती.

आबांचा राग समजायचा तर त्यांची रीत आधी समजायला हवी. चाळीस वर्षं ते केळीचे पंच होते. मालावरून बागवाल्याचं आणि व्यापाऱ्याचं वाजलं की दोघं आबांकडे येत. दोघांनी त्याच मालातली एकेक फणी आणून आबांपुढे ठेवायची. फणी ठेवली, म्हणजे पंच कबूल. दोन फण्या पुढ्यात आल्याशिवाय आबा कोयत्याला हात लावत नसत. आल्या की केळं आडवं कापून गर बघत, निकाल सांगत आणि वहीत लिहून खाली सही करत. त्या सहीवर तालुक्यात कोणी बोट ठेवलं नव्हतं. एकच फणी आली तर दुपारपर्यंत वाट बघायची आणि धोतर झटकून उठायचं. एका फणीवर आपण कधी निवाडा दिला नाही, हे ते अभिमानाने सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत.

मनन हा मांगीलाल शेठांचा नातू. आजोबा रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीला केळी धाडत, नातू थंड कंटेनरमधून आखातात धाडू लागला. त्याच्या पॅकहाऊसमध्ये गावातल्या चाळीस बाया फण्या धुवायला आणि खोके भरायला असत. माल रवाना होण्याआधी आबांनी तो बघायचा आणि वहीत सही करायची, हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. आखातातल्या गिऱ्हाइकाशी झालेला करार इंग्रजीत होता. त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की तंटा झाला तर तो सिंगापूरच्या लवाद केंद्रापुढे जाईल. भाव पहिल्या पानावर होता, त्यामुळे मननने शेवटच्या पानावर फक्त सही केली.

मग एक कंटेनर तिकडे उघडला तेव्हा आतली केळी पिवळीधमक. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही उतरलेला, पिकू लागलेला माल भरला. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो माल त्यांनी स्वतः कापून पाहिला होता. साल हिरवी, गर पांढरा. वाटेत कंटेनरचं थंड करणारं यंत्र बिघडलं असणार, हे केळी खाणाऱ्या माकडालाही कळलं असतं.

महिनाभराने कुरिअरने जाड पाकीट आलं. मनन वजनकाट्यावर होता, म्हणून आबांनीच सही करून ते घेतलं. मननने वाचून सांगितलं, लवाद सुरू झालाय, आपल्या बाजूने पंच नेमायला सांगतायत, नाही नेमला तर ते नेमतील. आबा हसले. दोन फण्यांशिवाय पंच बसत नाही, तेव्हा आपण फणी ठेवायचीच नाही, असं त्यांनी सांगितलं. पुण्यात एमबीए केलेल्या मननने मान डोलावली. शिकला पुण्यात असला तरी तो वाढला आबांच्या पुढ्यात होता. पुढच्या दोन वर्षांत केंद्राचे तीन ईमेल आले, ते दोघांनी मिळून वाचले आणि चहा घेऊन सोडून दिले. आता निवाडा हातात होता आणि त्यातली रक्कम भरायची तर पॅकहाऊस विकावं लागणार होतं.

वकील होती दिपमाला सरोदे, चाळिशीतली, सावद्याकडचीच. तिने सगळी पानं वाचून ठेवली होती. करारावर सही झाली तेव्हाच फणी ठेवली गेली, असं ती म्हणाली. एकाने पंच नेमला नाही तर केंद्र नेमतं. एक बाजू आली नाही तर दुसऱ्या बाजूचे पुरावे तपासून काम पुढे चालतं. भारताने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी परदेशी निवाडे मानायच्या कराराला होकार दिलाय, त्यामुळे हा निवाडा संभाजीनगरच्या खंडपीठातून इथे वसूल करता येतो. कोर्ट केळं पुन्हा कापून बघणार नाही. नोटीस मिळाली होती का, बाजू मांडायची संधी होती का, असल्या मोजक्या गोष्टीच बघेल.

मनन पुढे सरकला. नोटीस मिळालीच नाही, असं म्हटलं तर?

दिपमालाने नववं पान काढून टेबलावर ठेवलं. कुरिअरच्या पावतीचा फोटो होता. खाली मराठीत, ठसठशीत, अ. ना. नारखेडे.

"आबा," मनन हळूच म्हणाला, "ही सही तुमची नाही, एवढंच प्रतिज्ञापत्र द्या. बाकी मी बघतो."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांचा राग अजून सिंगापूरलाच होता. त्या माणसाने लिहिलंय तरी काय, ते वाच, असं त्यांनी दिपमालाला फर्मावलं. त्यांना लबाडी ऐकायची होती. ती मराठीत सांगत गेली. त्याने चार वेळा कळवलं होतं. यायला जमत नसेल तर व्हिडिओवर या, असंही लिहिलं होतं. सुनावणीच्या दिवशी तो अर्धा तास थांबला. मग गिऱ्हाइकाच्या तीन मागण्यांपैकी एक त्याने पुराव्याअभावी फेटाळली आणि दुसरी निम्म्यावर आणली, आणि हे सगळं समोर भांडायला कोणी नसताना. शेवटी एक वाक्य होतं. भरताना माल पाहिलेल्या कोणाचा दाखला पुढे आला असता, तर तो विचारात घेतला असता.

आबांचा हात बंडीच्या खिशावर गेला. वही तिथेच होती. त्या कंटेनरचं पान, तारीख, पांढरा गर, सही. खरं त्यांच्या खिशात होतं आणि त्यांनी ते दोन वर्षं खिशातच ठेवलं होतं. कोणावर चिडावं ते आता त्यांना कळेना, आणि ते कळेना म्हणून ते जास्तच चिडले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"तरी एका फनीवर निवाडा म्हंजे अन्यायच," ते म्हणाले.

दिपमालाने फाइल मिटली. "माझी आई तुमच्यापुढे एक फणी घेऊन बसली होती, आबा. मंजुळाबाई सरोदे. दुपारपर्यंत बसली. व्यापारी आला नाही, कारण त्याला तुमची रीत ठाऊक होती. तुम्ही धोतर झटकून उठलात. आमची केळी बांधावर काळी पडली."

आबांना ती बाई आठवली. तिची फणीही आठवली, निर्दोष, भरलेली. तशा आणखी किती फण्या त्यांच्या पुढ्यातून परत गेल्या होत्या, ते वहीत नव्हतं. तंट्यांपैकी वहीत फक्त दोन फण्यांचे निवाडे होते. ज्याला सत्याची भीती त्याने घरी बसावं, आणि आबांनी त्याला राखावं, अशी ही चाळीस वर्षांची पंचगिरी. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं त्यांना वाटलं.

"आबा, सहीचं बोला," मनन म्हणाला.

"ती सही माही आहे. पाकीट मीच घेतलं, आन् जाऊ नको म्हनून मीच सांगतलं. लिही पोरी."

मनन ताडकन उठला. तुमच्या शब्दावर मी गप्प बसलो, आता पॅकहाऊस जाईल, त्या चाळीस बाया घरी बसतील आणि तुम्हाला तुमच्या सहीची पडलीय, असं तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. आबांनी वही काढून टेबलावर ठेवली. ही जोडून गिऱ्हाइकाला तडजोडीचं पत्र लिहिते, पण भरवसा नाही, असं दिपमाला म्हणाली. तोवर मनन पायऱ्या उतरून गाडी घेऊन निघून गेला होता.

आबा एसटीने निघाले, भुसावळला गाडी बदलली, पण सावद्याला उतरले नाहीत. दोन गावं पुढे सरोद्यांच्या अंगणात मंजुळाबाई तूर पाखडत होत्या. आबा बाजेवर न बसता त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बठ्ठं, अगदी सगळं, पहिल्यापासून सांग, मी ऐकायला आलोय, असं म्हणाले.

मंजुळाबाईंनी सूप थांबवलं नाही. व्यापाऱ्याला मरून सहा वर्षं झाली, आता कोणाचा निवाडा करता, असं त्यांनी विचारलं.

"तो नसू दे. आज मी उठत नही."

सूप थांबलं. म्हातारीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग आधी हे सांगा आबा, तवा कायले उठले?"

चाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर आबांच्या जिभेवर होतं. ते त्यांनी गावोगाव सांगितलं होतं. एका फणीवर निवाडा नाही, हे तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी या वेळी मागे घेतलं आणि ते म्हणाले, "तुही फनी भरलेली होती, ते मले तवाच दिसलं होतं."